लिटरभर पाणी आणि धबधबा

पोटाची सोनोग्राफी करायची होती. "सकाळी काही खाऊ नका, लिटरभर पाणी पिऊन या आणि लघवीला जाऊ नका," अशा तीन आज्ञा फोनवरच्या मुलीने गोड आवाजात दिल्या. तिन्ही पाळून मी कोथरूडच्या नव्याकोऱ्या, काचेच्या ओपीडी इमारतीत हजर झालो. दार उघडतो तर समोर धबधबा!

रिसेप्शनमागची अख्खी भिंत काळ्या कडप्प्याची. तिच्यावरून पाणी झुळझुळत खाली येतं आणि पांढऱ्या गोट्यांत पडून खळखळतं. रुग्णांचं मन शांत व्हावं म्हणून म्हणे. माझ्या मनाला काही झालंच नव्हतं. अडचण त्याच्या बरीच खाली होती.

यामागे शास्त्र आहे, ते मला तोंडपाठ आहे, कारण आमचा भाचा इंटिरियर डिझायनर आहे. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. मग जगभरच्या दवाखान्यांत हिरवाई शिरली. आमच्या इथे ती प्लास्टिकची शिरली. शेजारचा बांबू मी नखाने खरवडून पाहिला. बोटाला धूळ लागली.

बसायला फिकट बदामी रंगाचे सोफे. दिसायला देखणे, पण इतके बुटके की बसलेला माणूस कोणाचा तरी हात धरल्याशिवाय उठत नाही. गुडघ्यांचे डॉक्टर त्याच मजल्यावर बसतात. मला तरी तो योगायोग वाटला नाही. समोरचे आजोबा दोनदा अर्धे उठले आणि दोनदा परत आत गेले. शेवटी एका वॉर्डबॉयने त्यांना दोन्ही काखांत हात घालून वर काढलं.

नावं पुकारल्याने म्हणे रुग्णांना ताण येतो, म्हणून पुकारा बंद. टोकन नंबर स्क्रीनवर उमटतो, पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांत आणि तोही समुद्राच्या लाटांचा व्हिडिओ संपला की. (पुन्हा पाणी!) डोळ्यांच्या डॉक्टरांचे पेशंट, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून, त्या स्क्रीनकडे तोंड करून श्रद्धेने बसले होते. "अहो, ते सत्तावीस आहे की सदतीस?" असं एक काकू दर मिनिटाला मला विचारत होत्या. खरं सांगायचं तर पूर्वीचा कंपाउंडर काय वाईट होता? "कुलकर्णीऽऽ!" असा ओरडायचा की गल्लीतले इतर कुलकर्णीही दचकायचे, पण नंबर कोणाचा चुकत नसे.

फिनलंडमध्ये पायमियोला आल्वार आल्टो या वास्तुविशारदाने क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम बांधलं, ते १९३३ साली पुरं झालं. रुग्ण पडल्यापडल्या छताकडेच बघणार, म्हणून छत शांत हिरवं. खुर्चीची पाठ अशी कललेली की श्वास घेणं सोपं जावं. आणि बेसिन असं घडवलेलं की पाणी पडताना आवाज होऊ नये, शेजारच्या खाटेवरच्याची झोपमोड नको. तिकडे पाण्याचा आवाज बंद करायला त्या गृहस्थाने डोकं शिणवलं, इकडे पंप लावून तोच आवाज विकत आणलाय. माझं मत साधं आहे: असल्या जागेच्या डिझायनरला आधी लिटरभर पाणी पाजून तासभर तिथेच बसवावं.

माझा नंबर लागला तेव्हा मी पाय जुळवून, चिमणीच्या पावलांनी आत गेलो. डॉक्टरबाईंनी पोटावर थंडगार जेल लावलं, यंत्र टेकवलं आणि म्हणाल्या, "काका, फारच भरलंय. थोडं रिकामं करून या. पूर्ण नाही हं, थोडंच!"

आता टॉयलेट शोधा. एका दारावर त्रिकोण, दुसऱ्यावर वर्तुळ, दोन्ही भिंतीच्याच रंगात. त्रिकोण उघडला तर आत विजेच्या वायरी. वर्तुळात शिरलो आणि 'थोडं' या सूचनेचं जे व्हायचं तेच झालं.

परत गेल्यावर बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, काहीच शिल्लक नाही. बाहेर बसा आणि पाणी प्या."

बाहेर काकूंनी माझ्या हातातला भरलेला ग्लास पाहिला आणि सोफ्यावरची पर्स उचलून मला जागा करून दिली. "बसा," त्या म्हणाल्या, "पण उठवायला मला सांगू नका."