‘गणितज्ञ तिशीत संपतो’ हे धादांत खोटं आहे

माझ्या भाचीला गणितात संशोधन करायचं आहे. शाळा संपली की गणितच घ्यायचं, पुढे पीएचडी करायची, हे तिचं पक्कं आहे. परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक पोस्ट टाकली, ‘मुलांना गणितज्ञ व्हायचंय? पालकांनो, आधी हे वाचा.’ ही पोस्ट याआधीही माझ्याकडे येऊन गेली होती आणि मी ती सोडून दिली होती. या वेळी भाचीने मला विचारलं, ‘मावशी, मला सोळावं चालू आहे. म्हणजे उशीर झाला का गं?’ सोळाव्या वर्षी एखाद्या मुलीला आपलं वय निघून गेलं असं वाटायला लावणारा मजकूर असाच फिरू देणं मला जमणार नाही.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं आहे. गणितज्ञ जन्मावा लागतो, दहाव्या वर्षापर्यंत चमक दिसली नाही तर नाद सोडावा. तिशीनंतर गणितज्ञाचं डोकं चालत नाही, हे खुद्द हार्डी हा इंग्लिश गणितज्ञच सांगून गेला आहे. महत्त्वाचं सगळं गणित शोधून झालंय, उरलंसुरलं एआय करेल. आणि एवढं करून नोकरीही मिळत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा तिशीचा, कारण तो एका खऱ्या माणसाच्या खऱ्या वाक्यावर उभा केलाय. जी. एच. हार्डीने १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या छोट्याशा पुस्तकात गणित हा तरुणांचा खेळ आहे असं लिहिलं, हे खरं. पण ज्याने ही पोस्ट लिहिली त्याने ते पुस्तक उघडलेलं दिसत नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटी हार्डी स्वतःबद्दल सांगतो, की माझा सर्वांत चांगला काळ चाळिशी नुकतीच ओलांडली तेव्हाचा, ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक असतानाचा. आपल्या आयुष्यातली खरी वळणं म्हणून तो दोन वर्षं सांगतो. १९११, जेव्हा लिटलवुड या गणितज्ञाबरोबर काम सुरू झालं, आणि १९१३, जेव्हा त्याला रामानुजन सापडला. हार्डीचा जन्म १८७७चा. म्हणजे दोन्ही वळणं तिशीनंतरची. ज्याची साक्ष काढली तोच साक्षीदार उलट बोलतोय!

बरं, ते वाक्य त्याने लिहिलं कधी? साठी ओलांडल्यावर, प्रकृती ढासळलेली असताना, आपल्याला आता नवं गणित सुचत नाही या दुःखात. त्या दुःखाबद्दल मला आदर आहे, पण म्हणून तो काही निसर्गनियम ठरत नाही.

हार्डी दाखले देतो ते गाल्वा, आबेल, रामानुजन आणि रीमान या गणितज्ञांचे. हे चौघे तरुणपणी गेले. गाल्वा विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मेला, आबेल सव्विसाव्या वर्षी आणि रीमान एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने, रामानुजन बत्तिसाव्या वर्षी दीर्घ आजाराने. चाळिशीच्या आत मेलेल्या माणसांकडे बोट दाखवून चाळिशीनंतर गणित होत नाही असं कसं म्हणता येईल? रामानुजनने ‘मॉक थीटा’ नावाच्या, त्याने स्वतः शोधलेल्या फलनांबद्दलचं पत्र हार्डीला लिहिलं ते जानेवारी १९२०मध्ये, मृत्यूच्या अवघे तीन महिने आधी. तोवर त्याचं शरीर संपत आलं होतं, डोकं नव्हे.

पन्नाशी ओलांडलेल्या कुणी मोठी झेप घेतल्याचं उदाहरण आपल्याला माहीत नाही, असंही हार्डी म्हणतो. आज ते माहीत आहे. यीतांग झांग यांचा जन्म १९५५चा. पीएचडीनंतर कित्येक वर्षं त्यांना विद्यापीठात काम मिळालं नाही, काही काळ त्यांनी सँडविचच्या दुकानात नोकरी केली. २०१३ साली त्यांनी सिद्ध केलं, की ज्यांच्यातलं अंतर सात कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या कधीच संपत नाहीत. पुढे इतरांनी ते सात कोटी २४६पर्यंत खाली आणलं. अँड्र्यू वाइल्सनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाच्या सिद्धतेतली चूक दुरुस्त केली तेव्हा तेही एक्केचाळीस वर्षांचे होते.

आता दहाव्या वर्षीच्या ‘चमके’कडे येते. मरियम मिर्झाखानी ही फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळवणारी पहिली स्त्री, २०१४ साली. लहानपणी तिला लेखिका व्हायचं होतं. शाळेत मध्यंतरी तिचं गणित मागे पडलं होतं आणि तिच्या शिक्षिकेला तिच्यात विशेष काही दिसलं नव्हतं. मोठेपणीही ती स्वतःला संथ विचार करणारी म्हणायची.

पोस्ट ज्याला चमक म्हणते ती म्हणजे झटपट हिशेब आणि पाठ सूत्रं. मला चमक दिसली ती भाचीच्या वहीत. मूळ संख्या अनंत आहेत याची युक्लिडची सिद्धता वाचून तिला वाटलं, पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करून एक मिळवला की दर वेळी नवी मूळ संख्याच मिळेल. करून पाहिलं तर ३, ७, ३१, २११, २३११, सगळ्या मूळ. पुढची आली ३००३१. इतर कुणी इथे थांबून नियम लिहून टाकला असता. ही एकेका मूळ संख्येने भागत बसली. १७ने जाईना, १९ने जाईना, असं करत ५९ला भाग गेला, ३००३१ = ५९ × ५०९. मग ती सिद्धतेकडे परत गेली आणि तिला दिसलं, की युक्लिडने ती संख्या मूळ असते असं म्हटलेलंच नाही, तिला भागणारी मूळ संख्या आधीच्या यादीत नसते एवढंच म्हटलंय. यात सगळी दुपार गेली. गणितज्ञाचं काम असंच चालतं, आणि शाळेच्या कुठल्याच परीक्षेत त्याला गुण नाहीत.

सगळं शोधून झालंय या मुद्द्यावर फार बोलायची गरज नाही. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हा गोल्डबाखचा प्रश्न १७४२पासून आणि मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत याच्याशी जोडलेलं रीमानचं गृहीतक १८५९पासून न सुटता तसंच पडून आहे.

एआयचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. २०२५च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधले सहापैकी पाच प्रश्न एआयने सोडवले, तेही सुवर्णपदकाच्या तोडीने. पण ऑलिंपियाडच्या प्रश्नाला उत्तर असतं आणि काढणाऱ्याला ते माहीत असतं. संशोधनात विधान खरं आहे की खोटं हेच ठाऊक नसतं, आणि कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे तेही स्वतः ठरवावं लागतं. कोणताही नकाशा, शेजारच्या प्रदेशांना एकच रंग न येता, चार रंगांत रंगवता येतो हे चार रंगांचं प्रमेय १९७६ साली संगणकाच्या मदतीने सुटलं, त्याने गणितज्ञ बेकार झाले नाहीत. कामाची पद्धत बदलेल, नक्की बदलेल. म्हणून भाचीला मी प्रोग्रॅमिंग शिकायला सांगितलंय, आणि जमलं तर ‘लीन’सुद्धा, ज्यात सिद्धता संगणकाकडून तपासून घेता येते.

नोकरीबाबत पोस्ट अर्धी बरोबर आहे. विद्यापीठातल्या कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार फार. पीएचडीनंतर काही वर्षं पोस्टडॉकवर, म्हणजे संशोधकाच्या तात्पुरत्या जागेवर, या गावाहून त्या गावाला, कधी परदेशात काढावी लागतात. सगळ्यांचे शेवट झांग यांच्यासारखे होत नाहीत, हेही मुलांना सांगितलंच पाहिजे. पण विमा, संख्याशास्त्र, हवामानाची प्रारूपं, सांकेतिक लेखन या सगळ्यांना गणितात मुरलेली माणसं लागतात. फर्माने १६४० साली पत्रात लिहिलेल्या एका छोट्या प्रमेयावर १९७७ची आरएसए ही संदेश गुप्त ठेवण्याची पद्धत उभी आहे, आणि इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यात तिचा मोठा वाटा राहिलाय.

तेव्हा पालकांनी पोस्ट पुढे ढकलण्याऐवजी एक काम करावं. मूल पीएचडीच्या टप्प्यावर आलं, की ज्या मार्गदर्शकाकडे जायचं त्यांना सरळ विचारायला सांगावं, तुमचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत आणि काय करतात? चांगला मार्गदर्शक नावानिशी सांगतो. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नये.