ऑटो-डेबिट रद्द केलं म्हणून लेट फी माफ होत नसते: त्या फॉरवर्डमधलं खरं-खोटं

सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: "क्रेडिट कार्डाचं ऑटो-डेबिट तुम्ही रद्द केलेलं असेल तर बँक लेट फी लावूच शकत नाही. आरबीआयने ड्यू डेटनंतरचे ३ दिवस माफ केलेत. मिनिमम भरलं की व्याज लागत नाही. फी लावलीच तर डिस्प्यूट टाका आणि निकाल लागेपर्यंत बिल भरू नका, सिबिलला धक्का लागणार नाही. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं बेकायदेशीर आहे. थेट लोकपालाकडे जा." आणि सगळ्यात खाली एक मोबाईल नंबर, फी परत मिळवून देणाऱ्या कुणा 'एक्सपर्ट'चा.

यातलं सगळंच खोटं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती, पण तीन-चार वाक्यं अर्धी खरी आहेत आणि माणूस त्यातच फसतो.

आधी पहिला मुद्दा, रद्द केलं म्हणजे फी नाही. मॅन्डेट (खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) काय, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला पैसे भरायची बँकेला दिलेली कायमची सूचना) काय, यूपीआय ऑटो-पे काय, ही सगळी फक्त पैसे जायची वाट आहे. वाट बंद केली तरी देणं तसंच राहतं. दूधवाल्याला उद्यापासून पैसे मागायला घरी येऊ नको म्हणून सांगितलं तर महिन्याचं बिल माफ होतं का? रद्द केल्यावर ड्यू डेटच्या आत स्वतः भरायचं, नाही भरलं तर फी लागणार, आणि ती नियमाप्रमाणेच लागलेली असणार.

पण इथेच खरी भांडायची जागा पण आहे, जी त्या फॉरवर्डवाल्याला माहितीच नाहीये. ऑटो-डेबिट कुणी बंद केलं, कधी केलं आणि कुठे केलं, यावर सगळं ठरतं. पहिला प्रकार, समजा तुम्ही काहीच केलं नाही, बँकेने जुनं कार्ड बदलून नवीन नंबरचं पाठवलं आणि जुनी इन्स्ट्रक्शन नव्या कार्डाला जोडलीच गेली नाही, तुम्हाला धड कळवलं पण नाही, खात्यात पैसे होते तरी बिल कटलं नाही आणि लेट फी लागली, तर ही केस तगडी आहे. खात्याचं त्या दिवशीचं स्टेटमेंट लावा, पैसे होते हे दिसू दे, आणि लेट फी, व्याज, दोन्हीवरचा जीएसटी सगळं परत मागा.

दुसरा प्रकार म्हणजे तुम्ही आपल्या बँकेत नॅच मॅन्डेट, म्हणजे दुसऱ्या कंपनीला तुमच्या बचत खात्यातून पैसे ओढायची दिलेली परवानगी, रद्द केलं, तसा मेसेज पण आला, आणि तरीही पैसे कटले. यासाठी आरबीआयचं सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे, ग्राहकाने बँकेकडे मॅन्डेट रद्द केल्यावरही खात्यातून पैसे गेले तर जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते निस्तरायचं. यात 'बँकेकडे रद्द केलं' हे महत्त्वाचं आहे, कार्डवाल्या कंपनीच्या चॅटवर नुसतं 'प्लीज कॅन्सल' टाइप केलेलं असेल तर बचत खात्याची बँक हात वर करणार.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात कच्चा पण तोच. बिल तयार झाल्यावर, ड्यू डेट दोन दिवसांवर आल्यावर ऑटो-डेबिट रद्द करायचं. बऱ्याच बँकांत बदल पुढच्या बिलापासून लागू होतो, चालू बिलाची डेबिट फाइल आधीच गेलेली असते, मग खात्यात पैसे नसले की बाउन्स, म्हणजे डेबिट परत फिरतं. आता बाउन्स झालं की दोन्हीकडून मार बसतो हे लोकांच्या लक्षात येत नाही, बचत खात्याची बँक आपला रिटर्न चार्ज लावते आणि कार्डवाली बँक वेगळा लावते, बऱ्याच कार्डांवर तो रकमेच्या २ टक्के आणि कमीत कमी साडेचारशे-पाचशे असतो, वर पैसे वेळेत भरले नाहीत तर लेट फी, वर व्याज, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. तक्रार करताना 'चार्जेस परत करा' असं मोघम लिहू नका, प्रत्येक चार्ज कुठल्या बँकेने कुठल्या तारखेला लावला ते वेगळं लिहा, कारण कार्डवाली बँक दुसऱ्या बँकेचा रिटर्न चार्ज परत करूच शकत नाही आणि कॉल सेंटरवरचा माणूस तेवढ्यावर तुम्हाला वाटेला लावतो.

आता ते ३ दिवस. हे खरं आहे, पण 'सगळं माफ' हे साफ चूक. आरबीआयच्या कार्डांच्या नियमावलीत आहे की खातं ३ दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावायची आणि तरच सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना थकबाकी कळवायची. म्हणजे ड्यू डेट ५ तारीख असेल तर ८ पर्यंत पैसे पोचले की लेट फी नाही. ८ सुद्धा गेली की मात्र थकल्याचे दिवस ५ तारखेपासूनच मोजणार, ८ पासून नाही. आणि ही सूट लेट फीची आहे, व्याजाची नाही, ६ तारखेला भरलं तरी व्याज लागू शकतं. शिवाय दुसऱ्या अ‍ॅपवरून भरलेले पैसे कार्डावर दिसायला कधी कधी वेळ लागतो, त्यामुळे ८ च्या रात्री साडेअकराला भरून निवांत झोपू नका.

त्याच नियमावलीतली एक कामाची गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. लेट फी ड्यू डेटनंतर जेवढं बाकी राहिलं तेवढ्यावरच लावायची, पूर्ण बिलावर नाही, हे मार्च २०२४ च्या दुरुस्तीत स्पष्ट केलंय. आणि न भरलेल्या फीवर, टॅक्सवर पुढे व्याज चढवायचं नाही हे पण आहे. ४० हजारातले ३९ हजार भरलेत आणि लेट फी ४० हजाराच्या स्लॅबची (रकमेच्या टप्प्याची) लागलीये? मग पकडा त्यांना, ही चूक बँकेची.

मिनिमम भरलं की व्याज नाही, हे वाचून तर डोक्याला हातच लावला. मिनिमम, म्हणजे बिलावर दिलेली कमीत कमी भरायची रक्कम, भरल्याने फक्त लेट फी टळते. ४० हजाराचं बिल, २ हजार मिनिमम भरलं, राहिले ३८ हजार, महिना साडेतीन टक्क्याने साधारण १,३३० व्याज आणि त्यावर २३९ जीएसटी, आणि हा हिशोब एका महिन्याचा झाला, व्याज तर खरेदीच्या तारखेपासून धरतात. वर बिनव्याजी मुदत गेली की नवीन खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून मीटर चालू. ऑटो-डेबिट परत लावाल तेव्हा 'टोटल ड्यू' निवडलंय का 'मिनिमम ड्यू' ते नीट बघा.

डिस्प्यूट टाका (म्हणजे बँकेकडे त्या चार्जबद्दल वाद नोंदवा) आणि बिल भरू नका, हा सल्ला सगळ्यात घातक. फ्रॉड म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत चार्ज लावायचा नाही असा नियम आहे, तो फ्रॉडसाठी. बिलाबद्दल तक्रार असेल तर बँकेने ३० दिवसांच्या आत खुलासा आणि गरज असेल तिथे कागदपत्रं द्यायची, एवढाच तुमचा हक्क. वाद चालू असताना थकबाकीची माहिती पुढे देऊ नये असंही नियमावली म्हणते, पण वाद साडेसातशेच्या फीचा आणि थकवलेत चाळीस हजार, तर त्या चाळीस हजाराला हे कवच कसं मिळेल? वाद नसलेली रक्कम आधी भरा. मी तर म्हणेन फी पण भरून टाका आणि मग भांडा, परत मिळाली की पुढच्या बिलात क्रेडिट दिसेल, पण तेवढ्यासाठी सिबिलच्या रिपोर्टमध्ये 'ओव्हरड्यू' (थकबाकी) लागलं तर ते दुरुस्त करून घेताना जीव जातो.

३० टक्क्यांचा मुद्दा जुना आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसं म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. विषय संपला. कार्डांवर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज सर्रास आहे.

राहिला लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा आरबीआयचा अधिकारी. थेट नाही जाता येत. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तिचा नंबर जपून ठेवायचा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर मग आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर. आणि नुसतं 'फी जास्त आहे' म्हणून तिथे काही होत नाही, सेवेत कमतरता काय झाली ते दाखवावं लागतं, म्हणजे वर सांगितलेले पहिले दोन प्रकार. चूक तुमचीच असेल पण पहिल्यांदाच झाली असेल तर लोकपाल वगैरे सोडा, पैसे भरून कस्टमर केअरला साधा फोन करा, पहिल्या वेळी बऱ्याच बँका फी सोडून देतात. फी सोडली तर जीएसटी पण परत आलाय का तेवढं बघून घ्या.

लोकपालाकडे तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही, अडलं तर आरबीआयच्या १४४४८ या नंबरवर फोन करून विचारता येतं. त्यामुळे त्या मेसेजखालच्या नंबरवर फोन करायचं काही कारणच नाही. तो 'एक्सपर्ट' कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे किंवा ओटीपी मागत असेल तर फोन ठेवा, आणि कुणी आधीच देऊन बसलं असेल तर आधी कार्ड ब्लॉक करा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.