परदेशातलं घर ‘फक्त साइटवर टाका’ म्हणणाऱ्यांना

परदेशात सुट्टीसाठी घर घ्या, आपण नसू तेव्हा भाड्याच्या साइटवर टाका, हप्ते पाहुणेच फेडतील, असा एक मेसेज जोरात फॉरवर्ड होतोय. दाखला दुबईचा आणि सोबत चार आश्वासनं. घर तुमच्या नावावर, म्हणून परवाना लागत नाही. इमारतीतल्या इतरांना बोलायचा अधिकार नाही. साइटनं जाहिरात घेतली म्हणजे सगळं कायदेशीर. आणि उत्पन्न दुसऱ्या देशातलं, तेव्हा टॅक्सची कटकट नाही. चारही चुकीची आहेत, पण खरी गोम पहिल्यात आहे.

घर नावावर झालं म्हणजे तिथे राहता येतं, ते विकता येतं. रोजच्या भाड्यानं अनोळखी माणसं उतरवणं हा मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळा वापर धरला जातो, आणि त्याचे नियम अनेकदा शहरागणिक बदलतात. जपानचंच बघा. 15 जून 2018 पासून तिथे घरात पाहुणे ठेवायचे तर नोंदणी लागते, आणि तेही वर्षाला जास्तीत जास्त 180 दिवस. हे वर्ष 1 एप्रिलला दुपारी 12 वाजता सुरू होतं. दिवसही दुपारी 12 ते दुसऱ्या दुपारी 12 असाच मोजतात. मालक तिथे राहत नसेल तर व्यवस्था नोंदणीकृत कंपनीकडे सोपवावी लागते, आणि परदेशी मालक बहुतेक वेळा तिथे नसतोच. बाहेर दिसेल अशी नोंदणीची पाटी हवी. पाहुण्यांच्या वहीत नाव, पत्ता, व्यवसाय लिहायचा; जपानमध्ये पत्ता नसलेला परदेशी पाहुणा असेल तर राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांकही. एवढं करून क्योटोच्या निव्वळ निवासी भागात घर असेल, तर मालक तिथे राहत नसलेल्या घराला साधारणपणे 15 जानेवारी ते 15 मार्च एवढीच मुभा. चेरी फुलून पर्यटकांची झुंबड उडते तेव्हा तुमचं घर रिकामं. 180 दिवसांची अट नको असेल तर हॉटेलवाल्यांसारखा वेगळा परवाना काढायचा.

इतर शहरं थोडक्यात. सिंगापूरमध्ये खाजगी फ्लॅट सलग तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला देताच येत नाही. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणी लागते, यजमान स्वतः त्याच घरात हजर लागतो आणि पाहुणे दोनच. म्हणजे सुट्टीपुरतं घेतलेलं घर तिथे बादच. पॅरिसबद्दल ‘तिथे 90 दिवस चालतं’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ती सवलत मालकाच्या मुख्य निवासाला आहे, आणि तीही 2025 पासून वर्षाला 120 दिवसांवरून 90 वर आणली गेली. दुसरं घर पर्यटकांना द्यायचं तर वापरबदलाची परवानगी काढावी लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही.

शेजाऱ्यांना अधिकार नाही, हे स्पेनमध्ये बोलून पाहा. 3 एप्रिल 2025 पासून तिथे इमारतीतला फ्लॅट नव्यानं पर्यटकांना द्यायचा तर मालक-संघाची आधी मंजुरी हवी, तीन-पंचमांश बहुमतानं. म्हणजे ज्या शेजाऱ्यांना गप्प बसवायला मेसेज निघालाय, त्यांच्याच मतांवर तुमचा धंदा. लंडनमध्ये गोष्ट लीजच्या, म्हणजे फ्लॅट ज्यावर घेतलेला असतो त्या लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याच्या, कलमात दडलेली असते. फ्लॅट ‘खाजगी निवास’ म्हणूनच वापरायचा, असं कलम असलेल्या एका प्रकरणात 2016 मध्ये अपर ट्रिब्युनल या वरच्या न्यायाधिकरणानं निकाल दिला की काही दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना तो देणं हा त्या कलमाचा भंग आहे. नियोजन परवानगीशिवाय वर्षाला 90 रात्रींपर्यंत घर देता येतं, ही सवलत तिथे आहे. पण ती लीजचं कलम पुसत नाही. दोन्ही कागद वेगळे.

साइटनं जाहिरात घेतली म्हणजे झालं? मे 2025 मध्ये स्पेनच्या ग्राहक मंत्रालयानं एअरबीएनबीला 65 हजारांहून जास्त जाहिराती काढायला सांगितल्या; त्यातल्या अनेकांत परवाना क्रमांकच नव्हता. त्या सगळ्या साइटनंच घेतलेल्या होत्या. स्थानिक कायदा पाळायची जबाबदारी यजमानाची, हे अशा साइटच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं. वाचतं कोण, हा प्रश्न निराळा.

टॅक्सवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. घर जिथे, तिथला देश भाड्यावर कर मागू शकतो; शिवाय बरेच देश आपल्या रहिवाशांच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावतात. एकच रक्कम दोनदा करात सापडू नये म्हणून करार आहेत, पण त्यांचा फायदा उत्पन्न दाखवणाऱ्याला. ब्रिटनमध्ये परदेशी राहणाऱ्या मालकाचं भाडं एजंटाकडे येत असेल तर त्याला 20 टक्के कापून सरकारात भरावे लागतात, मालकानं पूर्ण भाडं घ्यायची मंजुरी आणली नसेल तर. युरोपीय संघात 2023 पासूनची यजमानांची कमाई साइट स्वतःच कर खात्यांना कळवतात आणि ती माहिती सदस्य देशांत फिरते. लपवाछपवीला जागा कुठे उरली?

राहता राहिली दुबई. तिथे वैयक्तिक भाडे-उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं, आणि परदेशी मालकालाही सुट्टीचं घर भाड्यानं देता येतं. मात्र पर्यटन खात्याचा परवाना प्रत्येक घरासाठी वेगळा काढावा लागतो, पाहुण्यांची माहिती खात्याला कळवावी लागते आणि दर रात्री खोलीमागे पर्यटन शुल्क गोळा करून भरावं लागतं. परवाना लागत नाही म्हणणाऱ्या मेसेजनं दाखला निवडला तोही परवाना मागणाऱ्या शहराचा.