शब्द टिपले म्हणजे निहाली टिकली, असं नाही

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निहाली भाषा बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार उरलेत, तेव्हा चर्चा पुरे; मोबाइल घेऊन गावात जावं, हजार शब्द विचारून रेकॉर्ड करावेत आणि अ‍ॅप काढावं. तळमळ पटली, पद्धत नाही पटली.

बुलढाण्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातले हे लोक कोरकू, मराठी, हिंदी असं सगळंच कमीअधिक बोलतात. मराठीतून आकडे विचारलेत, तर पाचाच्या पुढे आपलेच ओळखीचे शब्द परत ऐकाल. भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ साली निहालीचा शब्दसंग्रह तपासला, तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा कुठल्याच भाषाकुळाशी जुळेना. मराठीतून विचारलेल्या शब्दयादीतून निसटू शकतो तो हाच हिस्सा. म्हणून विचारू नका, बोलू द्या. मोहफुलं वेचणाऱ्या, चूल पेटवणाऱ्या दोघींना आपसात बोलू द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही समोर बसलात की त्या तुमच्या सोयीसाठी मराठीवर येणारच.

मोबाइल चालेल, पण व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज नको. त्यात आवाज इतका दाबला जातो की पुढे बारीक उच्चारभेद तपासता येत नाहीत. आवाज न दाबणारी डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकला तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि संमती बोलून घ्या; कोणतं गाणं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हेही तेव्हाच विचारा. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावात. खरी कंबर मोडते ती पुढे: तासाभराचं बोलणं लिहून, अर्थ लावून घ्यायला तीस-चाळीस तास सहज जातात, आणि शेजारी निहाली जाणणारं माणूस लागतंच. त्याच्या मजुरीची तरतूद आधी करा. बहुतेक कामं इथेच अडतात, आणि मग हार्ड डिस्क भरलेली, वही कोरी.

एवढं करूनही हे झालं दस्तऐवजीकरण. भाषा टिकते ती पोरं बोलली तर. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरींनी १९८२ पासून शाळेआधीच्या वयाची मुलं दिवसभर माओरी बोलणाऱ्या आजी-आजोबांच्या हवाली केली, तो मार्ग अ‍ॅपपेक्षा इथे जास्त लागू पडतो. निहालांच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस नेमताना निहाली बोलणारीच बाई घेतली, तर वेगळं पदही निर्माण करावं लागत नाही.