स्टीफन्सची ‘शंभरात एक’वाली गोष्ट

सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो. दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये 99 टक्क्यांच्या खाली उभं करत नाहीत. शंभरात एकालाच प्रवेश, म्हणजे हार्वर्डपेक्षा अवघड. आणि तरी निम्म्या जागा ख्रिश्चनांना. यंदा काकांनी तो ‘जरूर वाचणे’ म्हणून थेट भाचीलाच टाकला. तिचा चेहरा बघून लिहायला बसलोय.

आधी ते 99. दिल्ली विद्यापीठाच्या इतर कॉलेजांत कटऑफ गाठणाऱ्या प्रत्येकाला घ्यावंच लागे. जागांपेक्षा जास्त पोरं येऊन धडकतील या धास्तीने 2021 मध्ये हिंदू कॉलेज आणि रामजस कॉलेजने राज्यशास्त्राची कटऑफ 100 वर नेली. स्टीफन्समध्ये मात्र कटऑफ म्हणजे फक्त मुलाखतीचं बोलावणं. एकेका जागेसाठी अनेकांना बोलवायचे, मग 85 टक्के वजन बारावीच्या गुणांना आणि उरलेलं 15 मुलाखत-चाचणीला. 2022 पासून तर बारावीच्या टक्क्यांवर यादी लागतच नाही, सीयूईटीच्या गुणांवर लागते. काकांचा 99 आकडा शिळा आहे.

‘शंभरात एक’ काढलं कसं? कॉलेज लहान, वर्षाला साधारण 400 जागा. त्यांना अर्जांच्या संख्येने भागलं, झालं. पण अर्ज म्हणजे काय, ते मी परवा जेवणाच्या टेबलावर पाहिलं. विद्यापीठाच्या सगळ्या कॉलेजांसाठीच्या सामाईक अर्जात भाचीने पहिला पर्याय स्टीफन्स-इतिहास टाकला, मग हिंदू, मिरांडा हाऊस, रामजस... पन्नासाव्या पर्यायापर्यंत चहावर साय धरली होती. तिच्या एका अर्जाने एवढ्या ठिकाणची ‘स्पर्धा’ वाढली. हार्वर्डला वेगळी फी भरून, वेगळे निबंध लिहून अर्ज करावा लागतो. शिवाय तिथले अलीकडचे तीन-चार टक्के हे प्रवेश देऊ केलेल्यांचं प्रमाण आहे. त्यातले काही दुसरीकडे जातात. इथे मेसेजवाल्याने सरळ जागा मोजल्यात. दोन्हीकडे भागाकारात वर-खाली वेगळंच काही ठेवलं, तर तुलना कसली करता?

आता निम्म्या जागा. हे खरं आहे, आणि ख्रिश्चन उमेदवारांची कटऑफ कमी असायची हेही खरं. पण ही काही कॉलेजची मनमानी नव्हे. 1881 मध्ये केंब्रिज मिशनने काढलेलं हे अल्पसंख्याक कॉलेज. सरकारी अनुदान घेणाऱ्या अशा संस्थेने आपल्या समाजासाठी 50 टक्क्यांपर्यंतच जागा ठेवाव्यात, ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने याच कॉलेजच्या खटल्यात, डिसेंबर 1991 मध्ये घातली. उलट बाजूही बघा. हिंदू कॉलेजात अनुसूचित जाती 15, जमाती साडेसात, ओबीसी 27 आणि आर्थिक दुर्बल 10 मिळून साडेएकोणसाठ टक्के जागा आरक्षित, म्हणजे खुल्या साडेचाळीस. स्टीफन्सला ओबीसी आरक्षण लागू नाही, कारण घटनेच्या कलम 15(5) ने अल्पसंख्याक संस्था वगळल्यात. बिगर-ख्रिश्चनांच्या निम्म्यातूनच अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांच्या जागा निघतात. खुल्या गटातल्या पोराला दोन्हीकडे जवळपास सारखीच दारं. अल्पसंख्याक संस्थांना ही सूट असावी का, यावर जरूर भांडा, मीही भांडेन.

मेसेजच्या शेपटाला ‘कोर्टाने मुलाखती बंद केल्या’ असंही आहे. अर्धंच. सप्टेंबर 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बिगर-ख्रिश्चनांची मुलाखत काढली. ख्रिश्चनांसाठी 15 टक्के वजनाची ठेवली.

भाचीने स्टीफन्स पहिल्या क्रमांकावरच ठेवलंय. काकांना अजून सांगितलेलं नाही.