हुब्रिस : देवांच्या आधी माणूस

नमस्कार. हुब्रिस या प्राचीन ग्रीक कल्पनेवरच्या माझ्या लेखावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबवतो. तुमचं म्हणणं असं की, हुब्रिस म्हणजे माणसाने देवांशी बरोबरी करायला जाणं, ग्रीक पुराणकथेतल्या इकॅरसने बापाने केलेले मेणाचे पंख लावून सूर्याकडे झेपावणं. मी मात्र ही भव्य कल्पना ‘गल्लीतल्या मारामारीवर’ आणून ठेवली.

आणली कुठे? ती तिथेच होती. अथेन्समध्ये हुब्रिस हा कायद्याने गुन्हा होता. त्यासाठी कोणीही नागरिक फिर्याद करू शकत असे. बळी स्त्री असो, मूल असो, अगदी गुलाम असो. इ.स.पू. चौथ्या शतकातला कॉननचा खटला बघा. त्याने आणि त्याच्या टोळक्याने अरिस्टॉन नावाच्या तरुणाला गाठलं, अंगावरचं वस्त्र ओढून काढलं, चिखलात पाडून ओठ फाटेपर्यंत तुडवलं. पण डेमॉस्थेनीस या वक्त्याने अरिस्टॉनसाठी लिहिलेल्या भाषणातला खरा डंख पुढे आहे : पोरगा पडलेला असताना कॉनन झुंज जिंकलेल्या कोंबड्यासारखा आरवू लागला आणि साथीदार त्याला म्हणत होते, कोपरं फडफडव, पंखांसारखी! मारहाण कोणीही करतं. हे आरवणं म्हणजे हुब्रिस. (फिर्याद मात्र साध्या मारहाणीचीच झाली, हुब्रिसचा मोठा खटला या वयात झेपायचा नाही, असं आप्तांनी त्याला बजावलं होतं.)

अ‍ॅरिस्टॉटलही हेच सांगतो : फायद्यासाठी नाही, सूडासाठी नाही, दुसऱ्याला खाली पाहायला लावण्याच्या मजेसाठी केलेला अपमान. तरुण आणि श्रीमंत यात पुढे, हेही तोच म्हणतो. आपल्याकडे याला सरळ ‘माज’ म्हणतात. इकॅरसने कोणाचा अपमान केला? बापाचं ऐकलं नाही, एवढंच.

आणि होमरचं महाकाव्य ‘इलियड’? पहिल्याच सर्गात देवी अथेना योद्धा अकिलीसपुढे उभी राहते, तेव्हा तो तिला विचारतो, राजा अगामेम्नॉनची हुब्रिस बघायला आलीस का? देवी साक्षात समोर, पण हुब्रिस एका राजाने एका योद्ध्याशी केलेली : त्याच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रायसीस हिसकावून घेण्याची धमकी दिली ती.

तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा नाटककार एस्किलसचा, इ.स.पू. 472 मधल्या त्याच्या ‘पर्शियन्स’ नाटकाचा. तिथे पर्शियाचा मृत राजा दारयुश याचं भूत म्हणतं की, हुब्रिसला फुलोरा आला की विनाशाचं कणीस धरतं. देवांचा कोप त्यात आहेच, मान्य. पण त्याआधीच्या ओळीही वाचा. पर्शियन सैन्याने ग्रीसमध्ये मूर्ती लुटल्या, वेद्या उखडल्या, देवळं जाळली, हे तो एकेक करून सांगतो. म्हणजे इथेही हुब्रिस ही नुसती देवांशी बरोबरीची आकांक्षा नाही, माणसांनी प्रत्यक्ष केलेली नासधूस आहे.