हवेचा स्क्रू, मेन जेट आणि एक प्रतिक्रिया

सप्रेम नमस्कार.

जुन्या बुलेटला फ्री-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणारा मोकळा सायलेन्सर बसवल्यावर कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) कसा जुळवून घ्यावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी वाचली. वाचल्याबरोबर उत्तर लिहिणार होतो, पण ते संतापात लिहिले गेले असते म्हणून दोन दिवस थांबलो. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: हवेचा स्क्रू दीड आटा बाहेर घेतला की मिक्स्चर रिच होते (त्यात पेट्रोल वाढते), मग जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी, बदलण्याचे रामायण कशाला, आपली गाडी अशीच चालते आणि पीयूसीतही पास होते, असल्या लेखांमुळे पोरे गाड्यांचा आवाज वाढवतात, आणि शेवटी, ज्याचे हात कधी काळे झाले नाहीत त्याने पुस्तके वाचून मेकॅनिक लोकांना शहाणपण शिकवू नये.

शेवटच्या वाक्याचे आधी बोलतो, कारण ते लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचे दोन गाळ्यांचे गॅरेज होते. मी सातवीत असल्यापासून शाळा सुटली की तिथेच असे, आणि माझ्याकडे पहिले काम होते ते कार्ब्युरेटरच्या वाट्या रॉकेलमध्ये धुण्याचे आणि जेट तोंडाने फुंकून उजेडाकडे धरून पाहण्याचे. जेटमध्ये तार घालताना दिसलो तर वडील हातातला पाना खाली ठेवून उठून यायचे, एवढे सांगितले तरी पुरे. आपल्याला माझा मुद्दा पटला नसेल तर तो खोडून काढावा, त्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. पण ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत त्याच्या हातांबद्दल लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला अजून समजलेले नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. लेखात मी ‘पिन एक खाच वर घ्यावी’ असे लिहिले, ते संदिग्ध आहे. पिन म्हणजे मूठ फिरवल्यावर वर-खाली होऊन पेट्रोलची वाट कमीजास्त उघडणारी निमुळती सुई; ती खाचेत बसवलेल्या क्लिपवर टांगलेली असते. पिन वर घ्यायची म्हणजे क्लिप एक खाच खाली बसवायची, हे तिथे स्पष्ट लिहायला हवे होते, कारण नवशिक्या माणूस क्लिपच वर सरकवेल आणि मिक्स्चर उलट लीन (पेट्रोल कमी) करून बसेल. ही दुरुस्ती मी लेखात केली आहे आणि ती आपल्यामुळे सुचली, याबद्दल आभार मानतो.

आता हवेच्या स्क्रूकडे येतो. माझा लेख ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या ३५० सीसी बुलेटबद्दल होता, जिच्यावर मिककार्बचा व्हीएम २४ कार्ब्युरेटर येत असे. या कार्ब्युरेटरचा बाजूचा स्क्रू खरोखरच हवेचा स्क्रू आहे, म्हणजे पायलट जेटकडे (मूठ बंद किंवा थोडीच उघडी असताना पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटकडे) जाणारी हवा तो अडवतो किंवा सोडतो. तो आत घेतला की हवा कमी होते आणि मिक्स्चर रिच होते. बाहेर काढला की हवा वाढते आणि मिक्स्चर लीन होते. आपण सांगितले ते नेमके याच्या उलट आहे. आपले विधान पुढच्या युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनाच्या गाड्यांवरील बीएस २९ कार्ब्युरेटरला लागू पडते, कारण तिथला स्क्रू स्लाइडच्या (हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या भागाच्या) पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो हवा नव्हे, तर तयार मिश्रण सोडतो. तिथे बाहेर काढणे म्हणजे रिच करणे. आपली गाडी त्या जातीची असावी असा माझा अंदाज आहे. परंतु आपण कार्ब्युरेटरचे नावही न घेता सरसकट सल्ला दिलात, आणि तो वाचून एखाद्या जुन्या बुलेटवाल्याने दीड आटा बाहेर फिरवला तर मोकळ्या सायलेन्सरमुळे आधीच लीन झालेली गाडी तो आणखी लीन करील. चूक दाखवताना एवढा ठाम स्वर लावायचा असेल तर आधी स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

समजा, आपण योग्य दिशेला फिरवला, तरी काम संपत नाही. तो स्क्रू आयडलिंगपासून (गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असण्यापासून) ॲक्सिलरेटरची मूठ साधारण पाव उघडेपर्यंतच बोलतो. त्यापुढे पाऊण मुठीपर्यंत पिनचे राज्य असते आणि शेवटच्या पावात मेन जेटचे. मी आजही मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून बॉलपेनने पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करतो, आणि गाडी कुठे अडखळते ते त्या खुणेवरून ठरवतो. मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल तर स्क्रूकडे जरूर पाहावे, त्याआधी बेंडपाइपचा सांधा हवा ओढत नाही ना ते पाहावे. पण चौथ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण उघडल्यावर गाडी दमत असेल, तापत असेल, तर स्क्रू कितीही फिरवला तरी मेन जेटच्या भोकातून एक थेंबही जास्त येणार नाही. शिवाय सूर जुळवण्यासाठी स्क्रू अर्ध्या आट्याच्याही आत न्यावा लागत असेल, तर पायलट जेटच लहान पडतो आहे असे समजावे.

पीयूसीचा आपला पुरावाही याच कारणाने टिकत नाही. तिथे नळी सायलेन्सरमध्ये घालतात तेव्हा गाडी आयडलिंगवर असते. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या पिढीतल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे, त्याआधीच्या गाडीला ४.५ टक्के, आणि तपासणीत येणारा आकडा पायलट जेटच्या वाटेचा आहे. पूर्ण मुठीवर इंजिनात काय चालले आहे, याबद्दल तो कागद काहीही सांगत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००१ साली माझ्या स्वतःच्या बुलेटला मी मोकळा सायलेन्सर लावला. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो, आणि तिथल्या एका गॅरेजवाल्याने आपल्यासारख्याच आत्मविश्वासाने स्क्रू बाहेर फिरवून ‘झाले काम’ म्हणून सांगितले. वडिलांचे ऐकून वाढलेला मी, तरी घाईत होतो म्हणून त्यावर विसंबलो आणि कोल्हापूरला निघालो. खंबाटकी घाट गाडीने बरा चढला. कराड सोडून पेठ नाक्याकडे जाताना, मूठ जवळजवळ पूर्ण उघडी असताना, इंजिनाचा आवाज एकदम कोरडा झाला, तापलेला पिस्टन अडकला आणि मागचे चाक घासत गेले. क्लच दाबायला अर्धा क्षण उशीर झाला असता तर हे उत्तर लिहायला मी नसतो. रस्त्याच्या कडेला स्पार्क प्लग काढला तेव्हा त्याची चिनीमाती चुन्यासारखी पांढरी होती आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे ॲल्युमिनियमचे चमकणारे कण चिकटले होते. ते पिस्टनचे कण होते. वडिलांनी इंजिन उतरवले, सिलिंडरला बोअर मारून (आतून कातून) ओव्हरसाइज पिस्टन घातला, ९० चा मेन जेट काढून मोठ्या भोकाचा ९५ चा घातला, पिन एक खाच वर घेतली आणि मला रागावलेसुद्धा नाहीत. आपण ज्याला रामायण म्हणता ते हे आहे.

सायलेन्सर बदलला की जेट बदलावाच लागतो, असे मी कुठेही लिहिलेले नाही. नवा प्लग लावून, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मूठ धरून, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग पाहावा. रंग फिकट तपकिरी असेल तर जेटला हात लावू नये, असे लेखात स्पष्ट आहे. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागते, आणि कार्ब्युरेटरला ते आपले आपण कळत नाही. पूर्वी जी गाडी जेमतेम बरोबर होती ती आज त्याच जेटवर लीन चालते, म्हणून तपासणीची गरज वाढली आहे.

आवाजाच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दंड होतो, आणि बॅफल (सायलेन्सरमधला आवाज अडवणारा भाग) काढू नये हे मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. तो आपण वाचला नसावा.

पुन्हा लिहायचे असेल तर कार्ब्युरेटर कोणता, पूर्ण मुठीवरच्या प्लगचा रंग कोणता आणि मेन जेटवर कोरलेला आकडा किती, एवढे तीन तपशील द्यावेत. आकडा भिंगातून वाचावा, आणि भोक गोल आहे का तेही पाहावे. जुन्या गाड्यांत कोणीतरी तार घालून ते मोठे केलेले असते, आणि मग आकड्याला काही अर्थ राहत नाही. तसे दिसले तर तो जेट फेकून नवा घाला आणि तिथून सुरुवात करा.